एक थर कमी

अड्याळच्या या विहारात जमलेल्या मायबहिणींनो, काका-दादांनो, मी भाषण करणारा माणूस नाही. आठवीत शाळा सुटली. कागदावर लिहून आणलं आहे. सांभाळून घ्या.

मंगेश आणि मी केरळात एकाच कारखान्यात होतो. दोन आठवड्यांपूर्वी तो तापानं गेला, तेव्हा जवळ मी एकटाच. काल त्याच्या बाबांनी, वामनकाकांनी, मला विचारलं, "बापू, माहा पोट्टा तिकडं नेमकं काय करे? फोनवर तं म्हणे, प्लास्टिकचं काम."

काका, प्लास्टिकचं काम नव्हतं ते. तो बोटी हलक्या करायचा. जोरात पळणाऱ्या बोटी. काचेच्या धाग्याचं कापड, त्यावर चिकट रसायन, मधे फोम, पुन्हा कापड. वजन कमी, तर तेल कमी. पण वजन कमी करायचं कुठं? ते त्याला कळायचं.

मला नाही कळायचं. एकदा मी बोटीच्या छताला एक थर जास्त लावला. नकाशात नव्हता. छत वजनकाट्यावर चढलं आणि मंगेशनं माझ्याकडं पाहिलं.

"काहून टाकला बे जास्तीचा?"

"मजबूत राहीन म्हून."

"मजबुती खाली पायजे, लाट आपटते तिथं. वर तं तू तुहं भेव चढवलं. आता बोट ते जिंदगीभर वाहून राहीन."

अख्खा दिवस आम्ही दोघांनी तो थर घासून काढला. काचेची भुकटी अंगभर, नुसती खाज. "घरी सांगू नोको," म्हणे, "गाव म्हणन, पोट्टे खाजवाले गेले केरळाले."

ती बोट पहिल्यांदा पाण्यावर सुटली तेव्हा साहेब आकडे पाहत होते. मंगेश खाली, तळाला हात लावून बसला होता. "बंद्या, साऱ्या लाटा हातात येऊन राहिल्या बे!" काका, हे करत होता तुमचा मुलगा.

तिथं आपली बोली बोलणारे आम्ही दोघंच. बाकीची पोरं चांगली आहेत. पण खाणाखुणांनी माणूस किती बोलणार? आता मला 'काहून बे' म्हणणारं कोणी नाही. मंगेशनं हाती घेतलेली बोट अर्धवट पडली आहे. परवा मी निघतो. तिथं मला गप्पच राहायचं आहे.

आणि तरी तुमच्याकडंही तेच मागतो. उभे राहा. जरा जवळ या. दोन मिनिटं. एवढा वेळ तरी मला एकट्यानं गप्प राहायचं नाही.