मास्तरांची कॉपी

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात एक निवृत्त मास्तर काठी टेकत आतून बाहेर आले. बाकावर बायको वाट पाहत होती.

"आज ओरडणं ऐकू नाही आलं. नवा गुडघा वाकला?"

"वाकला. जिनासुद्धा चढलो."

"म्हणजे गोळी घेऊन आलात?"

"काल तू डोळे वटारलेस, मग काय करतो!"

"डॉक्टर पहिल्यापासून सांगतायत, दुखण्यावरची गोळी व्यायामाच्या आधी घ्या. तुम्ही आपले नंतर!"

"आधी गोळी घेऊन गुडघा वाकवायचा म्हणजे कॉपीच की गं."

"धन्य आहे! लेक राहते दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. नात झाल्यापासून तिला फोनवरच बघताय."

"म्हणून तर चढलो. व्यायाम घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, आजच जा, पण सावकाश."

बायकोने लगेच फोन लावला.

"अगं, बाळाला झोपवू नकोस. बाबा येतायत. कॉपी करून पास झालेत!"