पटावरची शिट्टी

आमी दारव्ह्याचे नालबंद. नालबंद म्हंजे बैलाच्या खुराले लोखंडी नाल ठोकनारे, आता हे बी सांगा लागते, पहिले नाई सांगा लागे. माह्यं नाव शेख रशीद. माह्ये अब्बा नाल ठोकत, त्याइचे अब्बा बी तेच करत, बाजाराच्या दिवशी लिंबाच्या झाडाखाली आमचं दुकान लागे, दुकान म्हंजे काय हो, एक दोर, एक हातोडी आन् खिळ्याची पिशवी, झालं दुकान. कास्तकार बैल घेऊन येत, अब्बानं दोर टाकून असा काई झटका देल्ला का एवढा मोठा बैल अलगद आडवा होये. आन् मी लहान होतो तं मी बैलाच्या डोक्यापाशी बसो आन् शिट्टी वाजवो, तेच माह्यं काम.

आता तुम्ही म्हनसान, शिट्टी काहून? तुम्ही शहरातले, तुम्हाले नसंन माहीत. बैल पान्यावर नेला का कास्तकार तोंडानं शिट्टी वाजवते, हळू, लांब, सूऽऽ सूऽऽ अशी, तवा बैल पोटभर पानी पेते, आन् मुतते बी, खोटं नाई सांगत. वासरू असते तवापासून त्याच्या कानात ते बसलेलं राह्यते का शिट्टी म्हंजे पानी, शिट्टी म्हंजे इथं काई भेव नाई. मंग अब्बा म्हनत, रशीद, वाजव बेटा, त्याले वाटू दे तो नदीवर आहे. माह्या समोरच्या दोन दातात फट होती, त्या फटीतून हवा निंघे तवा मधातच शिट्टी अशी थोडी थरथरे, दुसऱ्या कोनाची तशी नाई वाजे. खिळा ठोकला जाये तरी बैल डोळे मिटून पडला राहे. अब्बा खुश होत.

तं झालं असं, तिथंच एक दिवस दौलतराव आले. दौलतराव म्हंजे आमच्या इकडचे मोठे कास्तकार, पऱ्हाटी, तूर, सारं होतं, पन त्या मानसाचा जीव वावरात नाई, पटात. पट म्हंजे शंकरपट, बैलाची शर्यत. सरळ मैदान, एकीच्या बाजूले एक अशा दोन जोड्या, हलका छकडा, त्याच्यावर एक धुरकरी, झेंडी पडली का सुटले, डोळ्याची पापनी हालली का संपलं. जो हाकलते तो धुरकरी. दौलतरावची जोडी होती लखन आन् वजीर, वाऱ्यासारखी पये, पन एक खोड होती, सुटाच्या जागी उभी केली का नाचे, अशी नाचे का चार मानसं लोंबकळत. झेंडी पडेपर्यंत अर्धा जीव तिथंच जाये. दौलतरावनं माह्यी शिट्टी आयकली आन् अब्बाले म्हने, हे पोरगं मले दे.

अब्बा म्हने, देतो, पन तो जोडीले मारताना दिसाले नाई पाहिजे, माह्या पोरानं बैलाले मारलं तं मी त्याले मारीन. मी दौलतरावचा धुरकरी झालो, पन कधी काठी घेतली नाई हो. आर, म्हंजे टोकाले अनकुचीदार खिळा, लावलेली काठी असे तवा धुरकऱ्याइच्या हातात, बैलाच्या पुठ्ठ्यातून रगत निंघे, माह्या हातात फक्त दोर. लोकाइले वाटे माह्या शिट्टीनं बैल पयते. पागल आहेत का, शिट्टीनं बैल कशाले पयन? शिट्टीनं बैल थांबते! मी घरी तशीच सवय लावलती, शिट्टी चालू तवर उभं राहाचं, दगडासारखं, आन् शिट्टी थांबली का तिकडं दूर दौलतराव गूळ घेऊन उभे, जा पयत. पटावर बाजूची जोडी नाचून नाचून घामाघूम होये, आन् माह्ये लखन वजीर नदीवर आल्यासारखे गप. झेंडीवाल्याचा हात हालला का मी शिट्टी तोडो. मंग काय, बाप्पा, मांगं नुसता धुरळा.

त्या दिवसाइची मजा काय सांगू तुम्हाले. महागावकडून, नेरकडून लोकं जीपाच्या टपावर बसून येत. मिरची भजे, उसाचा रस, पाळने, बायका लुगडे नेसून बैलबंडीत. जितल्यावर गुलाल बैलाइवर पडे तेवढाच माह्यावर पडे, घरी गेलो का माह्यी बायको जैतून फाटकातच बादली घेऊन उभी, म्हने, पहिले मानूस होऊन ये. शिट्टीवाला रशीद म्हनत मले. म्या पोलीस पाह्यले हो, ड्युटी सोडून शिट्टी आयकत उभे.

आन् शामराव. नेरचा शामराव, सोता कास्तकार, सोता धुरकरी, उंच पुरा गडी, मिशी अशी. त्याची जोडी माह्याच तोडीची होती, मी इमानानं सांगतो, पन शेवटच्या फेरीत आमची गाठ पडे आन् तो हारे. दर साली. तो म्हने, हा नालबंद मंतर मारते. एका पटात त्यानं काय करावं? आपल्या वावरातला कापूस आनला आन् सोताच्या बैलाइच्या कानात कोंबला, का रशीदची शिट्टी बैलाइले आयकू नाई आली पाहिजे. अबे, पन मंग तुह्यी हाक बी नाई आयकू येनार नं! झेंडी पडली, तो वरडून राह्यला, बैलाइले काईच पत्ता नाई, ते गेले आपले मनानं सरळ चायच्या दुकानात. भजे, कढई, बाकडे, सारं आडवं. मैदान हासून हासून लोळलं. तवापासून शामराव माह्यासंग बोलला नाई. बाजारात दिसलो का तोंड फिरवे. मी बी म्हनलं, फिरव लेका.

मंग कोर्टाची बंदी आली. पट बंद. लखन वजीर बुढे होऊन दौलतरावच्याच गोठ्यात मेले, मंग दौलतराव बी गेले. ट्रॅक्टर आले तसे बैलच कमी झाले, बैल नाई तं नाल कोनाले ठोकाची? पोरानं मोटारसायकलचं गॅरेज टाकलं, तिथं मी खुर्ची टाकून बसतो. आन् खर्रा, सुपारी तंबाखूचा. दिवसभर खर्रा घोटत बसलो, त्यानं दात खाल्ले माह्ये, एक एक करून सारे गेले. पोरानं कवळी करून देल्ली. कवळीत फट नसते हो.

आता बंदी उठली, पट सुरू झाले. दौलतरावचा नातू आकाश, तो आता पटाच्या कमिटीत आहे. आला गॅरेजात, म्हने, बाबा, पोट्टे पटावर येत नाई, मोबाईलातून मुंडकं वर करत नाई, बुढेच बुढे येतात. आमी असं ठरवलं का जुन्या धुरकऱ्याइचा सत्कार करू, त्याइचे व्हिडिओ टाकू, मंग पोट्टे येतीन. आता काठी चालत नाई, आर चालत नाई, कायदा आहे, तं बिना काठीचा धुरकरी म्हनून तुमचंच नाव पहिले. मले लय साजरं वाटलं. मोबाईल लावला त्यानं, मी सारं सांगतलं, लखन, वजीर, शिट्टी. आन् बोलता बोलता बोलून गेलो, पटावर वाजवून दाखवीन.

झालं! चौकात बॅनर लागलं, माह्या फोटू, खाली लिवलं, बिना काठी, फक्त शिट्टी, या आन् आयका. व्हिडिओखाली लोकाइनं लिवलेलं सून वाचून दाखवे. कोनी लिवलं वा बाबा. लय जनाइनं लिवलं, बुढा फेकून राह्यला, शिट्टीनं कुठं बैल थांबते का. एकानं लिवलं, पुरावा दाखवा.

पुरावा कुठून आनू? तवा कोनाजवळ मोबाईल होते? दौलतराव नाई, बैल नाई, अब्बा तं कवाचेच गेले. शिट्टीचा काई फोटू असते का, वाजली, हवेत गेली. जे काई आहे ते माह्या तोंडात. आन् मी न्हानीत जाऊन वाजवून पाह्यली तं नुसती हवा, फुस्स. कवळी काढून फुस्स, घालून वाजवली तं कवळीच बादलीत. जैतूनले बाहेर आयकू गेलं. म्हने, अहो, आकाशले सांगून टाका, नाई वाजत म्हना, त्यात काय इज्जत जाते. मी म्हनलं, तुले नाई समजत. शिट्टी नाई वाजली तं ते सारं झालंच नोतं असं होईन. मी एक गॅरेजासमोर बसनारा बुढा, बस. तिनं चहा करून देल्ला.

पटाच्या दिवशी हे गर्दी! पोट्टेच पोट्टे, आकाश खरा निंघाला. डीजे लावलेला, वरतं ते ड्रोन भनभन करून राह्यलं. आमा जुन्या धुरकऱ्याइले फेटे बांधले, शाल नारळ देल्लं, आन् कमिटीवाल्याइनं खुर्च्या कुठं मांडल्या, तं ऐन सुटाच्या जागी, का पोट्ट्याइले सेल्फी काढाले सोपं जाईन. बाजूच्या खुर्चीवर कोन? शामराव. मिशी पांढरी झाली, पन ऐट तीच. तोंड तिकडं फिरवून बसला.

आकाशनं नवी जोडी आनली, कोवळे बैल, डीजेनं आन् त्या ड्रोननं बिथरलेले, डोळे पांढरे, तोंडाले फेस, धरनारे पोट्टे फरफटत चाललते. मले भेव वाटलं का सुटले तं गर्दीत घुसतीन. आकाश माईकवर म्हने, डीजे बंद करा, आता शिट्टीवाले रशीदबाबा. सारं मैदान चूप. मी उभा राह्यलो, तोंडासमोर माईक धरला त्यानं, मी जीव लावून फुंकलं.

फुस्स.

माईकमधून तं अजून मोठी आयकू गेली. एक हासला, मंग दुसरा, मंग सारे. मी कवळी काढली, शालीत गुंडाळली, अजून फुंकलं. थुकी उडाली नुसती. बैल नाचूनच राह्यले. कोनीतरी वरडला, फेकू बाबा. मी खाली मान घातली, वाटलं खुदा, आत्ताच उचल मले.

तेवढ्यात मांगून शिट्टी आली. सूऽऽ सूऽऽ. मी म्हनलं माह्ये कान वाजून राह्यले, काहून का ती माह्यीच होती, मधात थोडी थरथरनारी, तशीच्या तशी. पलटून पाह्यलं तं शामराव. फेटा बांधलेला, डोळे मिटलेले, खुर्चीत बसल्या बसल्या वाजवून राह्यला. बैलाइचे कान उभे झाले. पहिले डावा थांबला, मंग उजवा. उजवा तं एवढा निवांत झाला का त्यानं तिथंच धार सोडली, बाजूले उभ्या एका पावन्याच्या नव्या बुटावर. लोकं हासले, पन आता बैलाइले काई नाई, उभे आपले गप.

मंग माह्या ध्यानात आलं, डोळे मिटलेल्याले झेंडी कशी दिसंन. मी झेंडीवाल्याकडं पाह्यलं आन् आपला हात वर केला. शामरावनं डोळे उघडले, माह्या हाताकडं पाहात वाजवत राह्यला. झेंडी हालली, मी हात पाडला, त्यानं शिट्टी तोडली, धरनाऱ्याइनं दोर सोडले, छकड्यावरच्या धुरकऱ्यानं नुसती हाक देल्ली. आन् गेले बैल! असे गेले का काय सांगू! पोट्टे बोंबलून राह्यले, कठड्यावर चढून राह्यले, काठी नाई बे, काठी नाई, पाह्य, हातात काईच नाई. मी रडून राह्यलो होतो हो, भर मैदानात, बिना दाताचा.

मी शामरावजवळ गेलो. म्हनलं, तुले कशी येते रे? तो म्हने, अबे नालबंदा, तुह्या बाजूले उभा राहून आयकली मी ते दर साली, कवा थांबते आन् कवा तू सुटते, जीव कानात येये माह्या. कापूस बैलाइच्या कानात घातलता, माह्या कानात थोडी घातलता. मंग म्हने, बंदीत बैल इकले, वावरात एकटाच असो तवा वाजवो. मी म्हनलं, काहून, दुश्मनाची शिट्टी? तं म्हने, तू मले हरवे तवर लोकं माह्यंही नाव घेत बे. मी त्याच्या गळ्यात पडलो, दोघाइचे फेटे खाली.

आता बाजाराच्या दिवशी शामराव नेरहून बस धरून गॅरेजात येते. पोट्टे येतात मोटारसायकली घेऊन, कोनी वासरू घेऊन येते, म्हनतात, बाबा, शिकवा. शामराव वाजवते, मी सांगतो कुठं तोडाची, काहून का वाजवनं कोनालेही येते, तोडनं नाई येत. भांडतो बी आमी, तो म्हनते तू मधात बोलू नको, मी म्हनतो शिट्टी कोनाची आहे? पोट्ट्याइची अजून नीट नाई वाजत, येईन हळूहळू, दोघा तिघाइची जरा जमून राह्यली.

मी नमाजात पहिले माह्या गुडघ्यासाठी दुवा मांगो, पोरासाठी मांगो, गॅरेजासाठी मांगो. आता एक दुवा पहिले मांगतो. शामरावच्या खिशात खर्रा सापडला का मी तो नालीत फेकतो, तो शिव्या देते, देऊ द्या. मी हात वर करतो आन् म्हनतो, या अल्ला, हे पोट्टे शिकेपर्यंत त्या नेरवाल्याचे दात शाबूत ठेव.