दारावरचा दिवा कुणाचा

मंडळी, हे अवघं विश्व प्रकाशातून जन्मलं, प्रकाशावर तगलं आणि शेवटी प्रकाशातच विरून जाणार! — अहो, माझ्या डोक्यावरच्या त्या ट्यूबला जरा काठी लावा कुणीतरी. मघापासून फडफडतेय. झालं? नाही? असू दे.

तर प्रश्न असा — दिवा कुणाचा? विकत आणतो त्याचा, लावतो त्याचा, की ज्याची वाट पाहत लावतात त्याचा? ऐका.

मिरजेत यशवंतराव टेंभे म्हणून एक निवृत्त गृहस्थ. पत्नी नलिनीकाकू. दोन मुलगे, थोरला हेमंत, धाकटा मंदार. दोघे परगावी, आणि दोघांचं आईबापांवर अतोनात प्रेम. म्हणजे काय? तर दर दिवाळीला फोनवर चालणारे दिवे पाठवायचे! हॉलमधले हेमंतच्या अ‍ॅपवर, स्वयंपाकघरातले मंदारच्या. एकाच घरातले दिवे, पण एकमेकांना ओळख देईनात. पूर्वी भाऊबंदकी बांधावर असायची — आता बल्बात आली.

काकूंचा नेम मात्र जुना. तिन्हीसांजेला अंधाऱ्या दारातून आत यायचं नाही. यशवंतराव फिरून कोपऱ्यावरच्या पारापाशी आले, की काकू दारावरचा दिवा लावायच्या. तो दिसला की हे घराकडे निघणार. पुढे काकूंचे गुडघे गेले, उठवेना. मग काय केलं बाईंनी? तिसरं अ‍ॅप घेतलं — स्वतःच्या फोनवर! यशवंतरावांच्या खिशातला फोन पारापाशी आला, की दिवा आपोआप लागणार.

"आता मी नसले तरी लागेल हो," काकू म्हणाल्या.

"का, कुठं निघालीस?" यशवंतराव हसले.

गेल्या वर्षी काकू गेल्या. दिवा लागत राहिला. यशवंतराव पारापाशी थांबायचे, दिवा लागला की हळूच म्हणायचे, "आलो गं." आणि निघायचे.

वर्षश्राद्धाला मुलं आली. बाबांना तीन तीन अ‍ॅप! बघवेना त्यांना. दुपारभर बसून सगळं घर एका अ‍ॅपात आणलं.

"आईचं खातं?" मंदारने विचारलं.

"काढून टाक. आता कोण वापरतंय?" हेमंत म्हणाला.

संध्याकाळी घर आतून लखलखतंय, आणि बाबांचा पत्ता नाही. मंदार शोधायला निघाला, तर पारावर बसलेले.

"बाबा, चला घरी."

"थांब जरा. दिवा लागू दे."

"अहो, सगळे दिवे लागलेत."

"ते तुमचे."

मंदारने दाराकडे पाहिलं. दार अंधारात होतं. तो धावत घरी आला, दोघे खातं परत आणायला बसले. अ‍ॅप म्हणालं, आईच्या नंबरवर आकडे पाठवलेत, ते भरा. आणि तो नंबर मुलांनीच बंद केलेला!

मग मंदार उठला. देवघरातलं निरांजन उचललं, आणि वाऱ्याला हाताचा आडोसा करून दारात जाऊन उभा राहिला.

यशवंतराव सावकाश आले. पायरीशी थांबले. "हात भाजेल," एवढंच म्हणाले, आणि आत गेले. "आलो गं" म्हणाले नाहीत, मंडळी. ते पुन्हा कधीच म्हणाले नाहीत.

आता तुमचं सांगा. घरी दिवे पुष्कळ असतील. पण तुम्ही कोपऱ्यावर आलात, हे कुणाला कळतं? असं माणूस घरात असेल, तर आज दारातच त्याला सांगा — दिवा दिसला म्हणून. उद्यावर ठेवू नका.

चला, आरतीला उभे राहा. आणि कुणी उंच असेल त्याने ती काठी ट्यूबला आणखी एकदा लावून बघा.