मागच्या चाकांचा खटका

"हॅलो?… हॅलो! कोण, अंजना? अगं मोठ्यानं बोल, हितं घण चाललाय!"

तेलगावच्या गॅरेजात सारजाबाई ट्रकच्या मागच्या चाकापाशी उकिडव्या बसल्या होत्या. एका हातात फोन, दुसरा हात कोपरापर्यंत ग्रीसनं काळा. वस्तीवरच्या बायकांच्या दूध संस्थेच्या त्या अध्यक्ष. ट्रक संस्थेचाच. औंदा पाऊस फिरकलाच नाही, तेव्हा त्यावर टाकी बसवून माळावरच्या चारा छावणीला पाणी न्यायचं बाईंनीच ठरवलं. पण परवा कोरड्या ओढ्याच्या वाळूत गाडी रुतली ती रुतलीच. शेवटी ट्रॅक्टरनं ओढून काढावी लागली. आता फोनवर होती त्यांची धाकटी जाऊ, छावणीतून.

"हो, हो… अगं ऐक ना. भंगारातल्या एका टिपरचा मागचा ॲक्सल बसवलाय. त्यात खटका हाय… कसला म्हंजी? तेच तर सांगतीया! परवा एकच चाक गरागरा फिरत हुतं का न्हाई? वाळूतलं? आन् दुसरं दगडावर हुतं, ते जाग्यावरनं हालंना… हां! मी बिभीषणाला इचारलं, कावून रं असं?"

बिभीषण म्हणजे मिस्त्री. सकाळपासून बाईंच्या प्रश्नांनी त्याचं डोकं उठलं होतं. पण बाई ऐकतात थोड्याच! त्यांनी त्याला दोन्ही चाकं जॅकवर उचलायला लावली आणि स्वतःच्या हातानं फिरवून पाहिली.

"अगं, गाडी गिअरात ठेवून ह्ये चाक पुढं फिरवलं, तर पलीकडचं आपसूक मागं फिरतंय! आईशप्पत!… मधी डबा हाय एक, डिफरन्शियल म्हंत्यात. जे चाक फुकट फिरतंय त्याच्याकडंच सगळा जोर जातुया. ज्याचा पाय घट्ट हाय, त्याला कायबी न्हाई… हसतीस काय? मला बी आपली मागची कमिटीच आठवली."

बाई खळखळून हसल्या. मग एकदम थांबल्या.

"काय म्हनलीस?… पुन्हा सांग… पिकअप? आपल्या दावणीपाशी? धुळाजी भावजींनी आणली?… दोन्ही गायी?"

आता त्या उभ्या राहिल्या. धुळाजी म्हणजे अंजनाचा नवरा, बाईंचा धाकटा दीर आणि संस्थेच्या ट्रकचा ड्रायव्हर. पंधरा वर्षं स्टेअरिंग हातात, आणि सगळ्या वस्तीदेखत गाडी वाळूत बसली. तो अपमान त्याच्या फार जिव्हारी लागला होता. बायकांनी मीटिंगीत ॲक्सलचा ठराव केला, तेव्हा 'भंगार आणा अन् पूजा करा' म्हणून तो तरातरा निघून गेला. आणि आज गायी बाजारात न्यायला निघाला होता. दोन दिवस टँकर नाही. डोक्यावरच्या घागरींनी दोन गायींची तहान काय भागणार?

"अगं रडू नगं… गायी चढवल्या का?… न्हाई ना? मग दे त्यांच्याकडं फोन… बोलत न्हाईत? बरं. तू नुस्ता फोन त्यांच्या कानाला लाव."

त्या गायींची वासरं सारजाबाईंनीच हातांनी काढलेली. पण 'गायी इकू नका भावजी' म्हणावं, तर धुळाजी हट्टानं आधी विकून मोकळा होईल, हे त्यांना पक्कं ठाऊक. त्या पुन्हा चाकापाशी बसल्या.

"भावजी, मी सारजा. गायीचं कायबी बोलत न्हाई मी, तुमच्या हायेत, तुमी बघा… मी गाडीचं सांगतीया. तुमी म्हनलात इंजनात दम न्हाई. इंजन लई ब्येस हाय. दम चुकीच्या चाकाकडं जात हुता… हॅलो?"

बाईंनी काळ्या हातानं चाकाला थाप मारली.

"आत्ता न्यूटरल केली, खटका ओढला, आन् अलीकडचं चाक ढकललं. पलीकडचं बी त्याच दिशेनं आलं. दोन्ही एकजीव!… काय? न्हाई न्हाई, वेल्डिंग न्हाई मारलं. खटका हाय म्हनलं ना… केबिनमधी… कुठं म्हंजी? बघायला या की!"

बिभीषणाचा पाना हातातच राहिला. बाईंनी डोळे मिचकावले.

"हां?… अगं बाई! बिभीषणा, बघ, भावजी काय इचारत्यात! दोन्ही चाकं सारखीच फिरली, तर मारुतीच्या वळणाला गाडी वळायची कशी? भाईरच्या चाकाला जास्त जावं लागतंय… खरंच की! माझ्या टकुऱ्यात आलंच नव्हतं."

आलं होतं. सकाळीच विचारून झालं होतं.

"उत्तर हाय, भावजी. पण फोनवर न्हाई… बिभीषण गाडी विहिरीपातूर आणतुया, टाकी भरतुया. पुढं ओढ्यातनं नेनार कोण? त्याला ती वाट ठावी न्हाई… न्हाई, आधी सांगनार न्हाई. आधी गायी बांधा."

बाईंनी फोन कानाला घट्ट दाबला. मग पलीकडून पिकअप सुरू झाल्याचा आवाज आला आणि त्या ताडकन उठल्या.

"भावजी?… अंजना! अगं कोन गेलं? मोकळी गेली गाडी? नक्की मोकळी?… बांधल्या? दोघी बी?… माझ्या बाई!"

त्यांनी काळ्या हातानंच डोळे पुसले.

"दे त्यांना… हां भावजी, आता ऐका. वाळूत शिरायच्या आधी थांबून खटका ओढायचा, सरळ चढ चढायचा. कडक वाट लागली की लगीच सोडायचा, वळणाच्या आधी. इसरला तर डब्यातली दात्यांची चाकी तुटंल… म्हनून तर, ज्याला त्या वाटंचा दगडन्‌दगड ठावा हाय, असा मानूस पायजे… हां. या. विहिरीपातूर सायकलनंच या."

फोन पुन्हा अंजनाकडं गेला असावा, कारण पलीकडून बराच वेळ नुसतं मुसमुसणंच ऐकू येत होतं.

"अगं आता कावून रडतीस?… ऐक ना. छावणीच्या हौदात दोन दिसाचा कचरा पडला आसंल. धुऊन ठेव जा."