छावणीतला पाव्हणा

(दुष्काळाचं साल. युसूफ वडगावजवळ सोसायटीनं उघडलेली चारा छावणी. भर दुपार.)

सिंधुबाई : तिथं उन्हात नगं उभा राहू. ह्या पत्र्याच्या आडोशाला ये. मालक पेंढ्या आणायला गेलेत, येतील एवढ्यात.

भारत : पाच मिनिटं बसतो अन् जातो.

सिंधुबाई : मी हितं हाय म्हणून कुणी सांगितलं तुला?

भारत : केसरआत्यानं. म्हनली, तुझी माय दोन बैलं घेऊन वडगावच्या छावणीत बसलीय. मी तुमाला लांबूनच वळखलं.

सिंधुबाई : मला तुमी म्हनतोस?

भारत : सोळा वर्षांनी भेटतोय. तोंडात दुसरं येईना.

सिंधुबाई : सात वर्षांचा व्हतास. आता पार बापावानी झालास. मघा तू आत शिरलास तर वाटलं, तेच आले मारायला.

भारत : आण्णा गेले. दोन साल झाले. दारूनंच गेले.

सिंधुबाई : ...मग तू कुठं राहतोस?

भारत : आष्टीकडं, एका साखर कारखान्यावर. पोती उचलतो. औंदा ऊसच न्हाई, गाळप बंद हाय.

सिंधुबाई : अन् शाळा?

भारत : सातवीत सुटली. एक पोरगं तुमच्यावरून वंगाळ बोललं. मी त्याचा जबडा मोडला. दीड वरीस सुधारगृहात काढलं. रविवारी बाकीच्यांना भेटायला माणसं यायची. मी तवा हौद भरत बसायचो. भरलेला आसला तरी.

सिंधुबाई : कुणीच आलं न्हाई?

भारत : कोण येणार? मग हमालीला लागलो, तिथं बी रोज भांडणं. गोदामाचा वॉचमन, निवृत्तीमामा, जुना पैलवान. तो म्हनला, माणसावर कशाला राग काढतोस बे, लोखंडावर काढ. ट्रॅक्टरच्या दांड्याला चाकं लावून दिली त्यानं. चार साल तेच उचललं. मागल्या महिन्यात औरंगाबादला राज्याची स्पर्धा झाली. एकशे साठ किलो डोक्यावर धरलं. पहिला आलो.

सिंधुबाई : दीड क्विंटलच्या वर? एकट्यानं?

भारत : हां. खाली टाकलं अन् वळलो. समदी पोरं आपापल्या माणसांकडं पळालती. मी तिथंच उभा. शेवटी पंच म्हनला, झालं तुझं, उतर आता.

सिंधुबाई : तुझा निवृत्तीमामा?

भारत : गेल्या उन्हाळ्यातच वारला. त्यानं बघितलं न्हाई. ...आता पतियाळ्याला बोलावलंय, देशाच्या शिबिराला. फारमात लिहायचंय, काही बरंवाईट झालं तर कुणाला कळवायचं. तुमचं नाव लिहू?

सिंधुबाई : न्हाई रे. नगं लिहू.

भारत : नुसतं नाव.

सिंधुबाई : तुझ्या बापानं तुला माझ्यासंगं येऊ दिलं न्हाई. मी दुसरं लगीन करून ह्या घरात आले, तर बाया रोज इचारायच्या, पोर टाकून कशी आलीस? एक दिवस तोंडातून निघून गेलं, पोर वारलं म्हणून. मग तेच राहिलं.

भारत : कशानं वारलो मी?

सिंधुबाई : तापानं.

भारत : बरं.

धोंडीराम : अगं ए! पांढऱ्या बसला बघ, उठना झालाय! चार दिवस झालं चारा कमी पडतोय, आता पायात जीवच न्हाई त्याच्या. अन् हे कोण? पाव्हणं, जरा चौघा-पाच जणांना हाळी द्या बरं.

भारत : नगं. तुमी शेपटाकडं धरा. मी छातीखालून हात घालतो. ...हं. टेक गड्या, टेक पाय. अजून. ...सोडा आता. उभा राहिला.

धोंडीराम : आरं बाप रे! कुणाचे तुमी?

भारत : आष्टीकडला हमाल हाय. पाणी प्यायला थांबलतो.

धोंडीराम : मग भाकरी खाऊन जा की.

भारत : चारची बस हाय. येतो. ...येतो मावशी.

धोंडीराम : लई जोर हाय बघ गड्यात! माय लई जपत आसल त्याला. दुधातुपावर वाढवला आसल.

सिंधुबाई : न्हाई ओ.

धोंडीराम : तुला काय ठाऊक?

सिंधुबाई : सात वर्षांचा व्हता, तवा सोडून आले मी त्याला.

धोंडीराम : अगं, पर तू तर म्हनली व्हतीस...

सिंधुबाई : खोटं म्हनले व्हते.

धोंडीराम : चार वाजायला वेळ हाय अजून. जा तू. बैलाजवळ मी बसतो.