थांबला तो आत गेला

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज सेवानिवृत्त होत असलेले आपले न्यायाधीश साहेब, वहिनीसाहेब, वकील बंधू-भगिनींनो, आणि भाषणं कधी आटोपतात याची वाट पाहत दाराशी उभे असलेले कारकून मित्रहो!

साहेबांविषयी दोन शब्द बोला, असं मला सांगण्यात आलं. आरोपींची बाजू मांडणारा मी वकील, दोन शब्दांत आटोपायची आम्हाला सवय नाही. पण आज एकाच शब्दावर बोलतो. जरब.

शिक्षा सुनावताना साहेब चष्मा काढायचे. चष्मा निघाला की आम्ही ओळखायचो, आता 'इतरांना जरब बसावी म्हणून' येणार. जरब बसायची इतरांना, आणि मटकन खाली बसायचा माझा अशील! हसा, साहेब, आज तुमचा मान आहे.

तो टेम्पोवाला आठवतो? धुक्यात त्याच्या टेम्पोखाली एक सायकलवाला आला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. निघून गेला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. पण हा थांबला. जखमीला उचलून टेम्पोत घातलं, इस्पितळात नेलं आणि तिथल्या पोलिसाला म्हणाला, "माझ्याच हातून झालं हो." सायकलवाला वाचला नाही. खटल्यात पुरावा काय, तर याचं हे एक वाक्य. मी म्हटलं, साहेब, हा थांबला होता. तुम्ही चष्मा काढलात, आणि कायद्यात होती नव्हती तेवढी शिक्षा दिलीत. तुमचा हेतू वाईट नव्हता. तेव्हा अपघात फार होत होते, हे मलाही मान्य आहे.

आणि जरब बसली बरं का! बसत नाही असं कोण म्हणतं? 'थांबला तो संपला' ही म्हण टेम्पोवाल्यांनी सुधारून घेतली. थांबला तो आत गेला.

गेल्या हिवाळ्यात माझी ताई सकाळी दूध आणायला निघाली. कोपऱ्यावर कुठल्याशा गाडीनं तिला उडवलं. ती गाडी गेली. मागून आणखी आल्या, त्याही गेल्या. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणलं असतं तर... आई गेल्यावर ताईनंच मला वाढवलं होतं. हा काळा कोट तिनं हौसेनं शिवून घेतला होता.

साहेब, सगळ्यांत आधी तुम्ही घरी आलात. माझा हात धरून म्हणालात, "सापडू तर दे, अशी शिक्षा होईल की पुन्हा कुणाची हिंमत होणार नाही." खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा तेच हवं होतं. त्याला फासावर लटकवलं असतं तरी मी हूं की चूं केलं नसतं. पण तो सापडला नाही, आणि आता सापडणारही नाही.

पुढे तुरुंगात टेम्पोवाल्याला भेटलो, ताईचं सांगितलं. ऐकून त्याचा चेहरा उतरला. "कुणीच थांबलं नाही?" म्हणाला. मग मान खाली घालून म्हणाला, "वकीलसाहेब, रागावू नका. बाहेर आलो की मीही थांबणार नाही."

यावर मी काय युक्तिवाद करणार? तुम्हीच सांगा.

साहेब, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, हे अगदी मनापासून. सकाळी फिरायला जाल, तेव्हा रस्ता जपून ओलांडा. मला बोलू दिलं, आयोजकांचा आभारी आहे. या प्रसंगाला न शोभणारं काही तोंडून गेलं असेल, तर पोटात घाला. शेवटी 'एवढं बोलून थांबतो' असं म्हणायची रीत आहे. भीती वाटते, तरी म्हणतो.

थांबतो.