चार मार्कांचा रोवणा

तिरोड्याच्या ऑनलाइन सेंटरसमोरच्या रांगेत माझ्यापुढं दहावीतली उर्वशी आणि तिचे आईबाप उभे होते. भूगोलाचा पेपर पुन्हा तपासायचा अर्ज भरायचा होता. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स बापाच्या हातात होती.

"मेल्या मास्तरानं मार्क कापले पोरीचे!"

"कापले नाई वं माय. शेवटचा प्रश्न सोडवाचाच राहिला."

"काऊन?"

"भातशेतीवर लिहिता लिहिता टाइम सरला."

"चार मार्काले अडीच पानं लिहिली इनं! आयक, वाचतो. 'भाताच्या रोपांचा रोवणा करताना माझी आई सगळ्यांत पुढे असते. बाकीच्या बाया मागेच राहतात. शेवटच्या दिवशी सगळ्या मिळून बाबांना चिखलाने माखवतात.'"

"अवं, हे का पेपरात लिहाचं असते?"

"खरंच तं आहे, माय."

"मले माखवलेलं बी लिहिलं इनं!"

"तुमी थांबा जी. उर्वशी, याचे किती भेटले?"

"चारपैकी चार."

"पुरे चार?"

"पुरे."

"चला मंग घरी."

"अन् अर्ज?"

"काई नोको. दुसरा मास्तर तपासन, अन् हे चार कापून टाकन."